काळ्या स्पोर्ट्स कारला ओरखडे न पडू देता ती धुवायची आणि वॅक्स करायची कशी?

तुम्ही विचारलंय की सेकंडहँड काळी पोर्शे केमन घेतली आहे, पुण्यात बाणेरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, आणि रात्री दिव्याखाली पाहिलं की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसतात. ते वाढू नयेत म्हणून गाडी धुवायची कशी, वॅक्स लावायचं कसं, की शेजारी सांगतात तसं सरळ सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा टिकाऊ, पारदर्शक थर) करून टाकायचं?

आधी मुद्द्याचं सांगतो. हे ओरखडे उन्हापावसाने पडत नाहीत. अंगावर धूळ असताना गाडीवर फडकं फिरवलं की पडतात. म्हणून खाली जे जे लिहितोय त्या सगळ्यामागे एकच प्रश्न आहे: कापड रंगाला लागायच्या आधी धूळ तिथून गेली आहे का?

पत्र्यापासून वर मोजत आलो तर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा विसावा-पंचविसावा भाग. तुम्हाला दिसतात ते ओरखडे याच थरात आहेत, खालचा काळा रंग शाबूत आहे. पांढऱ्या गाडीवरही ते तेवढेच पडतात, फक्त डोळ्यांत भरत नाहीत. आणि आपल्याकडची धूळ साधी माती नव्हे. वाघोली-मोशीकडच्या खाणींतली खडी, बांधकामाची क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), सिमेंट हे सगळं हवेत असतं. काळ्या पाषाणाची ही भुकटी कोनदार आणि रंगापेक्षा कितीतरी कठीण. तिच्यावरून सुकं फडकं एकदा जरी ओढलं तरी क्लिअर कोटवर रेघा उमटतात.

म्हणून सगळ्यात आधी रोजचं पुसणं बंद करा. सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला येणारे दादा एक बादली, एक फडकं घेऊन एकामागून एक गाड्या उरकतात. त्यांना दोष देऊ नका, ठरलेल्या पैशांत आणि सकाळच्या घाईत तेवढंच शक्य असतं. त्यांचे पैसे चालू ठेवा, पण काम बदलून द्या: काचा, टायर, आतल्या मॅट. रंगाला फडकं लावायचं नाही हे त्यांना नीट समजावून सांगा, सुट्टीवर बदली माणूस येतो त्यालाही सांगा. माझ्या ओळखीत ज्या काळ्या गाड्यांचा रंग टिकलाय त्यांच्या मालकांनी हे पथ्य कटाक्षाने पाळलंय. धूळ आठवडाभर नुसती बसून राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही.

कव्हरचंही तेच. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवलं की वाऱ्याने ते हलत राहतं आणि पॉलिश पेपरचं काम करतं. कव्हर घालायचंच असेल तर फक्त नुकत्याच धुतलेल्या, पूर्ण कोरड्या गाडीवर.

आता धुणं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. केमनचं इंजिन मध्यभागी असतं, त्यामुळे फिरवून आणली असेल तर मागचा भाग बराच वेळ गरम राहतो. तो गार होईपर्यंत थांबा, नाहीतर शाम्पू तिथेच सुकून डाग पडतात. सुरुवात चाकांपासून करा, कारण सगळ्यात जास्त घाण तिथे असते. ब्रेक पॅडची लोखंडी भुकटी रिमवर घट्ट बसते. चाकांसाठी बादली, ब्रश, कापड सगळं वेगळं ठेवा आणि ते पुन्हा कधीही रंगाकडे आणू नका.

मग गाडीवर भरपूर पाणी, वरून खाली. प्रेशर वॉशर असेल तर नोझल हातभर तरी लांब धरा आणि दारांमागच्या हवेच्या जाळ्यांवर थेट झोत मारू नका. प्रेशर वॉशर नसेल किंवा सोसायटीत नळी लावू देत नसतील तर शेतीच्या फवारणीचा बॅटरीवरचा 16 लिटरचा पंप घ्या. तो नवा कोराच हवा, औषध मारलेला चालणार नाही. पाणी कमी लागतं आणि धार पुरेशी जोरात येते. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की पिण्याच्या पाण्याने गाड्या धुवू नका असं महापालिका सांगते, तेव्हा तर हा पंप फारच उपयोगी. पाण्यानंतर शाम्पूचा फेस सगळीकडे मारा आणि काही मिनिटं राहू द्या. फेस खाली ओघळताना सुटी धूळ घेऊन जातो. तो सुकायच्या आत पुन्हा पाणी मारा. एवढं होईपर्यंत गाडीला हात लागलेला नाही, आणि अर्ध्याहून जास्त काम इथेच झालेलं असतं.

त्यानंतर दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. जाळीमुळे खाली बसलेली रेती परत वर येत नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात चोळून स्वच्छ करायचा, मगच परत शाम्पूत. छप्पर, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही, आणि मोज्याच्या वजनापेक्षा जास्त दाब देऊ नका. शाम्पू गाड्यांचाच, न्यूट्रल पीएचचा, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा. भांड्यांचा साबण वॅक्स उतरवतो, कपड्यांच्या पावडरीत अल्कली असते. काही जण चमक यावी म्हणून रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवतात. त्या तेलकटपणावर धूळ आणखी चिकटते, ते अजिबात करू नका.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बाणेर-वाकड-उंड्री पट्ट्यात हा प्रश्न मोठा आहे. धरणाचं पाणी असेल तर फारशी काळजी नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं, आणि ते गाडीवर सुकलं की क्षारांचे पांढरे गोल डाग राहतात. काळ्या रंगावर उन्हात ते रंगात उतरतात, मग नुसत्या शाम्पूने निघत नाहीत. शक्य असेल तर शेवटचं पाणी आरओचं वापरा, पाच-सहा लिटर पुरतं. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात मिसळून त्यात कापड ओलं करा, डागावर मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. पार्किंगच्या स्लॅबमधून गळणाऱ्या पाण्याला हाच उपाय. त्या पाण्यात चुना असतो आणि तो रंगाला फार वाईट. नखाने किंवा ब्लेडने खरवडायला जाऊ नका, आणि स्लॅब गळत असेल तर कमिटीला पत्र देऊन जागा बदलून मागा.

पुसताना मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पाण्यावर पसरा आणि हलकेच ओढून घ्या. घासायचं नाही, टॉवेल स्वतः पाणी शोषतो. आरसे, दिव्यांच्या खाचा, पेट्रोलचं झाकण इथलं पाणी ब्लोअरने उडवा. जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवसापुरतं बाद. ही कापडं घरच्या कपड्यांत टाकू नका, आणि फॅब्रिक कंडिशनर तर नकोच, त्याने धागे बुजतात. बादल्या, ब्रश बोहरी आळीत स्वस्तात मिळतात. मोजा, टॉवेल, शाम्पू नाना पेठेत पाहा, पण मोज्यात आणि टॉवेलात काटकसर करू नका.

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चिकटा यांना मात्र रविवारची वाट पाहायला लावू नका. विष्ठेतलं आम्ल उन्हात काही तासांत क्लिअर कोट खातं. बाटलीत पाणी आणि थोडा शाम्पू गाडीत ठेवा, फवारा, भिजू द्या, मग उचलून घ्या. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावलीत तर तुडतुड्यांचा चिकटा पडतो, तोही असाच काढायचा.

वॅक्सच्या आधी एक चाचणी करा. धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवा. खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतून बसलंय, आणि ते क्ले बारने, म्हणजे गाडीच्या रंगासाठीच मिळणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने निघतं. क्ले भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, अजिबात दाब न देता फिरवायचा, थोड्या थोड्या वेळाने घडी बदलायची. वर्षातून एक-दोनदा बास. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या, कितीही महाग असला तरी.

वॅक्स आणि पॉलिश या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पॉलिश क्लिअर कोट किंचित घासून ओरखडे कमी करतं, वॅक्स वर संरक्षणाचा पातळ थर देतं. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून निघतं. काळ्या रंगावर त्याची जी खोली येते ती मला अजून दुसऱ्या कशात दिसलेली नाही. पण ते साधारण 82 अंशांच्या पुढे वितळतं आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या काळ्या बॉनेटचं तापमान त्याच्या जवळपास जाऊ शकतं, त्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यात ते लवकर उतरतं. तुमच्या गाडीला मी दिवाळीच्या आसपास कार्नोबा लावेन आणि मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सचंच काम करणारं कृत्रिम रसायन, कारण ते जास्त टिकतं.

लावायची पद्धत दोन्हींची सारखीच. सावलीत, गार आणि पूर्ण कोरड्या पत्र्यावर, स्पंजने इतका पातळ हात द्या की लावलंय की नाही अशी शंका यावी. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसताना जास्त घासावं लागतं, आणि तेच आपल्याला टाळायचंय. एका वेळी एकच भाग घ्या. बोट फिरवल्यावर धुरकटपणा स्वच्छ निघाला की मऊ कापडाने काढा, मग दुसऱ्या कोऱ्या कापडाने शेवटचा हात. दमट हवेत थोडा जास्त वेळ लागतो. काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर वॅक्स लागलं तर पांढरे चट्टे राहतात, म्हणून आधी मास्किंग टेप लावून घ्या. बंपर नुकता रंगवलेला असेल तर रंगवणाऱ्याला विचारल्याशिवाय त्यावर वॅक्स नको, ताज्या रंगातला सॉल्व्हंट उडून जायला काही आठवडे लागतात.

धुणं झालं की गाडी लगेच उभी करून ठेवू नका. सोसायटीत एक फेरी मारा, हलके ब्रेक दाबत. बिडाच्या डिस्कवर पाणी राहिलं की गंजाची पुटं चढतात आणि पॅड चिकटतात.

शेजाऱ्यांच्या सिरॅमिकबद्दल: कोटिंग चांगलं असतं, पाणी आणि घाण झटकन सुटते, धुणं सोपं होतं. पण धुळीवरून फडकं फिरवलं तर ओरखडे त्यावरही येतात. शिवाय आत्ताच्या ओरखड्यांवर कोटिंग केलं तर ते आहेत तसेच खाली राहतील. पैसे खर्च करायचेच असतील आणि एक्सप्रेसवेवर नेहमी जाणं होत असेल तर पुढचा बंपर आणि मागच्या चाकांपुढची बाजू इथे पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावून घ्या. 150-200 मायक्रॉनची ती फिल्म खडे खरोखर झेलते.

आत्ता पडलेले ओरखडे काढायला मशीन पॉलिश लागेल, आणि इथे मात्र घाई नको. दर पॉलिशला क्लिअर कोट थोडा कमी होतो आणि तो परत येत नाही. सेकंडहँड गाडीवर आधी किती वेळा पॉलिश झालंय ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून पॉलिश करणाऱ्या स्टुडिओवाल्याला आधी रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी मोजायला सांगा. केमनच्या नव्या पिढ्यांत दारं आणि बॉनेट ॲल्युमिनियमची असतात, तेव्हा त्याच्याकडे स्टील आणि ॲल्युमिनियम दोन्ही मोजणारं यंत्र हवं. प्रत्येक भागाचे आकडे लिहून घ्या. कुठे 80-90 मायक्रॉनच्या खाली आकडा आला तर तिथे पॉलिश नको, वॅक्सवर भागवा. कुठे 200 च्या वर गेला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला आहे, तिथला क्लिअर कोट किती जाड ते या यंत्रावरून कळत नाही. बाकी ठिकाणी सगळ्यात सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिशने आधी हातभर जागेवर करून बघायला लावा. जो मोजायला तयार नसेल त्याच्याकडे गाडी सोडू नका.