चेरी श्रिंपसोबत कोणते छोटे मासे बिनधास्त ठेवता येतील?

तुम्ही लिहिलंय की दोन फुटी टँकमध्ये वीसेक चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या लाल कोळंब्या, आहेत, टँक रिकामा वाटतो, आणि दुकानदार म्हणतो की कुठलाही शांत मासा चालेल. त्या ‘शांत’ शब्दासाठीच मी उत्तर लिहायला बसले. याच एका शब्दापायी मी पाच महिने घरच्यांचं बोलणं खाल्लंय.

माझा टँक दीड फुटी, पाणी जेमतेम 40 लिटर. पंधरा लाल चेरी आणल्या, मॉस ही दाट पाणवनस्पती लावली, स्पंज फिल्टर. महिन्याभरात छान रुळल्या. मग माझे दीर आले. आमच्या घरात मासे म्हटलं की भाऊजींचा शब्द शेवटचा, त्यांच्याकडे चार फुटी टँक आहे आणि वीस वर्षांचा अनुभव. येताना पिशवीत सहा निऑन टेट्रा घेऊन आले. “वहिनी, निऑन म्हणजे गरीब मासा. कुणाच्या अध्यात ना मध्यात.” दिसायला खरंच सुंदर, त्या निळ्या रेघेवरून नजर हटत नाही. मीही खूश होते.

त्यानंतर माझ्या माद्या चारदा अंड्यांवर आल्या. चेरीची मादी अंडी पोटाखाली धरते, एका खेपेला वीस-तीस, आणि पायांनी त्यांना सारखा वारा घालत राहते. साधारण महिनाभर. शेवटच्या दिवसांत अंड्यात दोन काळे ठिपके दिसायला लागतात, ते पिल्लाचे डोळे. मी भिंग लावून ते ठिपके बघायचे. दोन दिवसांनी मादीचं पोट रिकामं, आणि टँकमध्ये पिल्लू एकही नाही. चारही वेळा हेच.

भाऊजींचं निदान ठरलेलं. “तुम्ही पाणी फार बदलता. पिल्लांना सोसत नाही.” मी आठवड्याला दोन बादल्या बदलायचे, तेही नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून. ते एक बादलीवर आणलं, मग पंधरा दिवसांवर. सासूबाईसुद्धा म्हणायला लागल्या, “अगं, नको हात घालूस सारखी.” मी मात्र एकच विचारत होते: पाणी वाईट असेल तर मोठ्या पंधराच्या पंधरा धडधाकट कशा? वेळेवर कात टाकतात, अंडी धरतात. श्रिंप इतका नाजूक जीव आहे की पाणी बिघडलं तर मोठ्याही टिकत नाहीत. याचं उत्तर मला कुणी दिलं नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी लाइट लावला आणि चहा घेऊन टँकसमोर बसले. अनुबियाच्या पानाच्या कडेला एक पिल्लू होतं. तिळाहून बारीक, जवळजवळ पारदर्शक, पण आकार हुबेहूब मोठ्या श्रिंपचा, मिशांसकट. मी पहिल्यांदाच बघत होते. श्वास रोखून नवऱ्याला हाक मारणार तेवढ्यात एक निऑन थव्यातून जरासा तिरका झाला, पानापाशी आला आणि पिल्लू नाहीसं झालं. पाठलाग नाही, झटापट नाही. पाखडताना आपण सुपातला खडा वेचतो तितक्या सहज. पुन्हा थव्यात जाऊन मिसळला. मोठी श्रिंप शेजारी शेवाळ खात बसली होती, तिच्याकडे त्याने बघितलंही नाही.

दुकानदार शांत म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ इतकाच, की हा मासा दुसऱ्या माशाचे पंख कुरतडत नाही. श्रिंपच्या पिल्लाचा त्यात विचारच नसतो. जन्मलेलं पिल्लू जेमतेम दोन मिलिमीटर. ज्याच्या तोंडात ते मावतं तो मासा ते खाणार. निऑन खातो, गप्पी खातो, झेब्रा डॅनिओ खातो. गोरामी आणि एंजल तर मोठी श्रिंपही सोडत नाहीत. फायटरचं ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतं, मी ती जोखीम घेणार नाही. मासा छोटा म्हणजे झालं, असंही समजू नका. केरळच्या नद्यांतला पी-पफर इंचभराचा, पण पूर्ण वाढलेल्या श्रिंपचे लचके तोडतो.

मग ठेवायचं काय? माझ्या मते खात्रीचा मासा एकच, ओटोसिन्क्लस. तो पानावरचं शेवाळ खरवडून खातो, पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही. पण नव्या टँकमध्ये घालू नका, शेवाळ नसेल तर उपाशी मरतो. चार-सहा महिने मुरलेला टँक हवा, आणि चार-पाच तरी एकत्र हवेत. दुकानात ‘अल्गी ईटर’ मागितलात तर सकर किंवा चायनीज अल्गी ईटर हातात पडेल. सकर फुटापेक्षा मोठा होतो, दुसराही तळहातात मावत नाही. नाव नीट सांगून मागा.

रंग हवाच असेल तर चिली रासबोरा. बोर्निओचा मासा, दोन सेंटिमीटरच्या आत, तोंड टाचणीच्या डोक्याएवढं. माझ्याकडे आता आठ आहेत. अगदी ताजं पिल्लू त्यांनाही सापडत असणार, पण मॉस दाट असेल तर बरीच वाचतात. एम्बर टेट्राबद्दलही लोक हेच म्हणतात, मी ठेवलेला नाही. आणि निऑनवर जीव जडलाच असेल तर चेरीऐवजी अमानो श्रिंप ठेवा. ती चार-पाच सेंटिमीटरची होते, आणि तिच्या अळ्यांना मचूळ पाणी लागतं, म्हणजे गोड्या पाण्यात तिची पिल्लं तशीही वाढत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. चेरी वाढवायच्याच नसतील, नुसत्या वीस हव्या असतील, तर निऑन चालतो. माझ्या मोठ्यांना त्यांनी कधी हात लावला नाही. आणि पाण्याचा दोष कधीच नसतो असं मी म्हणत नाही. माशांच्या औषधात तांबं असेल तर श्रिंप मरते. डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणी आली की खिडक्या लावा, टँकवर काच ठेवा, तेवढा वेळ एअर पंप बंद. डासांच्या औषधाने श्रिंप पटापट जातात. मे महिन्यात पाणी 30 अंशांच्या वर गेलं तर पंखा लावा.

निऑन मी त्याच रविवारी भाऊजींच्या टँकमध्ये सोडून आले. तिथे मजेत आहेत. तरी गणपतीत सगळे जमले तेव्हा ते चारचौघांत म्हणालेच, “वहिनींनी शेवटी पाणी बदलणं कमी केलं, म्हणून पिल्लं जगली.” पाहुण्यांसमोर मी काही बोलले नाही. भाऊजी, हे वाचत असाल तर सांगते: निऑन गेले त्याच आठवड्यापासून मी परत दोन बादल्या बदलायला लागले. नळ तोच, बादली तीच. काल रात्री पालकाचं उकडलेलं पान टाकलं आणि टॉर्च मारून मोजली. पानावर 23 पिल्लं होती, मॉसमधली वेगळी.