शेवटची दहा मिनिटे कुणालाही कापू देऊ नका

आपण लिहिले आहे की 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स' घरी लावला, मंडळी अर्ध्यातच उठून गेली आणि आता दिवाळीनंतर मंडळात तो दाखवावा की नाही, असा प्रश्न पडला आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला शिकागोला घरी पोहोचू पाहणारा नील आणि वाटेत त्याच्या गळ्यात पडलेला डेल यांचा हा अमेरिकन विनोदी चित्रपट. आमच्या इंदूरच्या मंडळातही याच चित्रपटाने असाच घोळ घातला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी समीक्षक नव्हे, मते वैयक्तिक आहेत आणि शेवट उघड केल्याशिवाय ती मांडता येणार नाहीत.

परकेपणामुळे मंडळी उठतात, असे मला वाटत नाही. ऐन सणात इंदूर-मुंबई अवंतिका एक्स्प्रेसचे तिकीट वेटिंगवरच राहिल्यावर इंदूरच्या सरवटे बसस्थानकावरून मिळेल ती बस पकडून सेंधव्यामार्गे धुळे गाठणाऱ्या माणसाला, शिकागोला निघालेले विमान भलत्याच विचिटा शहरात का उतरवले आणि आगगाडी मध्येच का बंद पडली, हे समजावून सांगावे लागत नाही. अडचण वेगळीच आहे. न्हाणीघराच्या पडद्याच्या कड्या विकणारा डेल बराच वेळ नीलप्रमाणे आपल्यालाही नकोसा वाटतो, आणि दिग्दर्शक जॉन ह्यूजने १९८७ साली हे जाणूनबुजून केले आहे. विचिटाच्या मोटेलमध्ये नील त्याच्या बडबडीवर तोंडसुख घेतो तेव्हा आपण नीलच्या बाजूने हसत असतो. कॅमेरा मधूनमधून डेल झालेल्या जॉन कँडीच्या चेहऱ्याकडे वळतो, तिथले हसू ओसरत जाते, आणि मग तो एवढेच सांगतो की मी जसा आहे तसा मला आवडतो, माझ्या बायकोलाही आवडतो. पुढे दुसऱ्या मोटेलमध्ये दोघे आपापल्या बायकांच्या नावाने पेले उंचावतात. डेलची बायको मारी आठ वर्षांपूर्वीच वारली, हे शेवटी कळल्यावर ही दोन्ही दृश्ये पुन्हा पाहावीशी वाटतात, आणि लोक दरवर्षी हा चित्रपट लावतात याचे कारण माझ्या मते हेच आहे.

म्हणूनच आमच्या वेळी जे झाले त्याचा राग अजून जात नाही. सभागृहाचा किल्लीवाला उशिरा उगवला, पण व्यवस्थापनाने ठरलेल्या वेळी दिवे मात्र मिनिटभरही न चुकता लावले. शिकागोच्या लोकलमध्ये एकटा बसलेला नील डेलचे एकेक बोलणे आठवू लागतो, नेमके तिथेच प्रक्षेपण बंद झाले. दहाच मिनिटे मागितली, तर "पावतीवर वेळ लिहिलेली आहे" एवढेच उत्तर मिळाले. अनामत रकमेतून सफाईचे पैसे कापून घेतले ते निराळेच. एका जाड्या माणसाने एका सभ्य माणसाला छळले, अशी समजूत करून घेऊन मंडळी घरी गेली, आणि आजही त्यांना पुन्हा बसवणे जमलेले नाही. सभागृह घ्याच, पण वाढीव वेळ लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला काडीचीही किंमत नसते.

भाड्याच्या मोटारींच्या खिडकीवरचा प्रसंग कापण्याचा आग्रह कुणीतरी धरेलच. मिनिटभरात नील एकच इंग्रजी शिवी १८ वेळा देतो, आणि अमेरिकेत चित्रपटाला आर (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय मनाई) हा दर्जा मिळाला तो मुख्यतः त्यामुळे. घरी लहान मुले असतील तर निर्णय आपला; मंडळात मात्र मी तो ठेवीनच. समोरची बाई सणाच्या जेवणाविषयी फोनवर गप्पा मारत रांगेला ताटकळत ठेवते, आणि एवढा थयथयाट झाल्यावर करारपत्र मागते, जे नीलने आधीच फेकून दिलेले असते. असली खिडकी न पाहिलेला माणूस आपल्याकडे सापडणार नाही.

चित्रपट दीड तासाचा आहे, त्यामुळे मध्यंतर टाळावे हे उत्तम. चहासाठी ते घ्यावेच लागले तर सेंट लुइसला, डेल त्याच कड्या कानातले म्हणून पोरींना विकतो आणि नंतर दोघे निरोप घेतात, तिथे घ्या. मोटेलच्या प्रसंगानंतर लगेच घेऊ नका, कारण तिथे दिवे लागले की लोक एकमेकांकडे पाहून पुन्हा डेलच्या नकला करू लागतात.