तातडीच्या विभागात रुग्णांच्या संगणकीय नोंदी एकसारख्या करायच्यात? इथून सुरुवात करा

अलर्टचा, म्हणजे संगणक आपोआप देतो त्या इशाऱ्यांचा, विचार सध्या बाजूला ठेवा. आधी ट्रायाजची, म्हणजे आल्या आल्या कुणाला आधी बघायचं हे ठरवतानाची, नोंद नीट बसवा. न्यूज-२ (NEWS2) हा रुग्णाची तब्येत किती बिघडलीय हे सांगणारा स्कोअर; जितका जास्त, तितका धोका जास्त. त्याच्यासाठी लागतात त्या सातच गोष्टी घ्या: श्वसनाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन सुरू आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी, तापमान. प्रत्येकीला वेगळा रकाना, ठरलेलं एकक आणि मोजल्याची वेळ. टाइप केल्याची वेळ नव्हे! गर्दीत दोन्हींत बरंच अंतर पडतं आणि स्कोअर शिळ्या आकड्यांवर निघतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- रिकामा रकाना नॉर्मल धरणं. श्वसन मोजलंच नसेल तर स्कोअर फसवा कमी येतो. तिथे 'अपूर्ण' दाखवा.
- 'ॲलर्जी नाही' आणि 'विचारलं नाही' एकच समजणं.
- वजन किलोशिवाय दुसऱ्या एककात घेणं. मुलांचे डोस त्यावरच ठरतात.
- हा स्कोअर १६ वर्षांखालील मुलांना किंवा गरोदर स्त्रियांना लावणं. तो त्यांच्यासाठी नाहीच.

मग एकच अलर्ट लावा: स्कोअर ७ किंवा जास्त. तो कुणाला जाणार आणि त्याने लगेच काय करायचं, हे आधी लिहून ठेवा. स्नोमेड (वैद्यकीय संज्ञांचे ठरलेले कोड) आणि फायर (FHIR, दोन संगणक प्रणालींमध्ये आरोग्याची माहिती देण्याघेण्याचं मानक) नंतर बघू. ट्रायाजच्या नर्सना मात्र पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. रकाने त्याच भरणार आहेत.