‘युद्धकला’ नको, ‘युद्धशास्त्र’ म्हणा

प्रश्न असा आलाय की सुन त्झू या प्राचीन चिनी सेनानीच्या ‘आर्ट ऑफ वॉर’ या पुस्तकाला मराठीत ‘युद्धकला’ म्हणायचं की ‘रणनीती’. दोन्ही नको. आणि आधी ते ‘मिस्टर त्झू म्हणतात’ बंद करा, मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये हे ऐकून कान किटलेत. आडनाव सुन, त्झू म्हणजे गुरुजी, चिनी तत्त्वज्ञ लाओ त्झूच्या नावातलाच तो.

पुस्तकाचं चिनी नाव ‘बिंगफा’. बिंग म्हणजे सैन्य, ते सोडा, खरी गंमत ‘फा’त आहे. फा म्हणजे कायदा, नियम, पद्धत. त्याच्या जुन्या अक्षरात पाणी आहे आणि एक शिंगवालं काल्पनिक जनावर, जे म्हणे खटल्यात दोषी माणसाला बरोब्बर ढुशी मारायचं! पुढे बौद्ध ग्रंथ चिनीत जायला लागले तेव्हा आपल्या ‘धर्म’ला त्यांनी हाच शब्द लावला. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने इ.स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं भाषांतर केलं, त्याच्या नावात सद्धर्मातल्या धर्माच्या जागी जो फा बसलाय तोच हा बिंगफातला फा. मला तर हे कळल्यापासून ‘कला’ शब्द सहनच होत नाही.

मग ‘कला’ आली कुठून? १७७२ साली पॅरिसला फादर आम्यो यांचं फ्रेंच भाषांतर छापलं गेलं, त्यात ‘आर मिलितेर’ म्हणजे ‘लष्करी कला’ होतं, १९१० मध्ये लायोनेल जाइल्स यांच्या इंग्रजीतही ‘आर्ट’च, आणि आपण डोळे मिटून ती उचलली. काही जाणकार म्हणतात ६४ कलांमध्ये कौशल्यंही येतात, सबब कला चालेल. साफ चूक. या मंडळींनी चौथं प्रकरण उघडलेलंच दिसत नाही, तिथे बिंगफाच्या पाच पायऱ्या सरळ दिल्यात: जमिनीचं माप, त्यावरून साधनसामग्रीचा अंदाज, त्यावरून सैन्याची मोजदाद, मग दोन्ही बाजूंची तुलना आणि शेवटी विजय. पहिल्या प्रकरणातला फा म्हणजे पलटणींची रचना, अधिकाऱ्यांची उतरंड आणि रसदेचा खर्च, दुसऱ्यात तर लाखाची फौज उभी केली तर रोज हजार सुवर्ण लागतील असा हिशोबच मांडलाय. ही कला? हे शास्त्र आहे, कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तलं शास्त्र.

हां, ‘रणनीती’ राहिलीच. ती तिसऱ्या प्रकरणातल्या ‘मोउ’साठी, म्हणजे बेत-डावपेचांसाठी, राखून ठेवा. तिथे सुन त्झू उतरता क्रम लावतो, आधी शत्रूचा बेत मोडा, मग त्याची युती, मग सैन्य, आणि तटबंदीच्या शहरावर हल्ला अगदीच नाइलाज झाला तर.