एन लाइन घेऊ का जुनी व्हर्टस? अन् घेतल्यावर मन लागंना तर?

(वाचकांचे प्रश्न, गाडीच्या सदरातून)

प्रश्न : नमस्कार दादा. परभणीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. आत्तापर्यंत वडलांची जुनी डिझेल गाडीच चालवली, आता हौस म्हणून एकदा तरी पळणारी गाडी घ्यायची, पण बजेट साडेतेरा लाखाच्या वर जात नाही अन् ते पण लोन काढूनच. दोन गाड्या डोक्यात आहेत. एक नवी ह्युंदाई आय२० एन लाइन, सहा गिअरची मॅन्युअल. दुसरी पुण्यात एका ओळखीच्याची २०२२ ची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, दीड लिटर टर्बो, ऑटोमॅटिक, बारा लाख म्हणायलेत. रोज घर ते दुकान, आठवड्यातून एकदोनदा गंगाखेडकडं शेतात, अधूनमधून पुणे. घरात आई-वडील, बायको, दोन लेकरं, बायकोपण चालवती. व्हर्टसच्या सर्व्हिसला लांब जावं लागंल असं सगळे म्हणतात. दोन्ही चालवून बघितल्या, दोन्ही आवडल्या. रात्री यूट्यूब बघून व्हर्टस ठरवतो, सकाळी उठलं की परत एन लाइन. एकच काय ते सांगा.
– एक वाचक, परभणी

उत्तर : भाऊ, आधी सरळ सांगतो, गाडी म्हणून व्हर्टस वरचढ आहे, त्यात वाद नाही. दीड लिटर, चार सिलिंडर, १५० पीएस पॉवर अन् २५० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, तो पण १६०० आरपीएमपासून. एन लाइनला ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, १२० पीएस, १७२ एनएम. कागदावर बघितलं तर प्रश्नच मिटला. पण तुम्ही कागद घेत नाही, परभणीत राहून चालवायची गाडी घ्यायलात.

आपल्याकडं टर्बोचा खरा उपयोग कुठं होतो ते बघा. शून्य ते शंभर किती सेकंदात हे मित्राला सांगायला ठीक आहे, रोजच्या जगण्यात पॉवर लागते ती ओव्हरटेकला. नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टरमागं दोन-दोन उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, समोरून एसटी येतेय, तेवढ्या फटीत जाऊन परत आपल्या बाजूला यायचंय. तिथं व्हर्टसचे २५० एनएम फार कामाला येतात, गाडी भरलेली असली तरी दम लागत नाही. एन लाइनमध्ये एकटे असाल तर तेवढीच मजा, पण घरचे सगळे अन् सामान घेऊन निघालात की आधी गिअर खाली घ्यावा लागतो अन् मग जायचं. आता काहींना हे गिअर खाली घेणंच आवडतं, त्यासाठीच तर ते मॅन्युअल घेतात.

ब्रेकमध्ये मात्र उलटं आहे. एन लाइनला चारही चाकांना डिस्क, २०२२ च्या व्हर्टसला मागं ड्रम. नीट चालवणाऱ्याला ड्रमनं काही अडत नाही, पण घाटात लागोपाठ ब्रेक मारल्यावर फरक कळतो.

रस्त्याचं सांगायचं तर आपली काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळं चांगला डांबरी रस्तासुद्धा दोन वर्षांत लाटा मारायला लागतो, वरून खड्डा दिसत नाही पण गाडी ८०-९० ला हेलकावे खाते. एन लाइनचं सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा कडक ठेवलंय, वळणावर ते गोड लागतं पण अशा लाटांवर मागं बसलेल्या आईला विचारा कसं लागतं. व्हर्टस इथं जास्त शांत आहे, खालून उंचीपण चांगली, १७९ मिलिमीटर. डिकी ५२१ लिटरची, एन लाइनची ३११. शेतातून येताना ज्वारीची पोती आणणार असाल तर हा आकडा पॉवरपेक्षा जास्त वेळा आठवंल.

अन् सेफ्टी, हे मी दाबून ठेवणार नाही. व्हर्टसला ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाडी धडकवून बघतात त्या टेस्टमध्ये, २०२३ साली पाच स्टार मिळाले, मोठ्यांसाठी अन् लेकरांसाठी दोन्हीकडं. आय२० ची २०२२ मध्ये टेस्ट झाली तेव्हा तीन स्टार. ती टेस्ट दोन एअरबॅगच्या गाडीची होती, आताच्या गाडीत सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटला येतात, तरी बॉडीचा फरक एअरबॅगनं पूर्ण भरून निघतो असं मी म्हणणार नाही.

एवढं सगळं व्हर्टसच्या बाजूनं लिहून आता सांगतो की तुम्ही एन लाइन घ्या. थांबा, शिव्या देऊ नका, कारण ऐका.

तुम्हाला मिळतेय ती व्हर्टस कुठली ते बघा. २०२२ ची दीड लिटर म्हणजे सात गिअरची डीएसजी, दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मॅन्युअल नंतर आली. ही डीएसजी ड्राय क्लचवाली आहे, म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसतो, हवेवर थंड होतो. मोकळ्या रस्त्यावर हिच्यासारखा गिअरबॉक्स नाही, पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तीन-चार वर्षं पायपाय सरकलेली गाडी असंल तर क्लच किती घासलाय हे बाहेरून दिसत नाही. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री, बस स्टँडसमोर गर्दी, त्यात तो अजून तापणार. गाडी कंपनीच्या वॉरंटीबाहेर गेली असंल अन् मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारा कंट्रोलचा भाग) किंवा क्लचचं काम निघालं तर ते लाखाच्या घरात जातं. वर गाडी टोचन करून न्यायची लांब. दुकान बंद ठेवून दोन दिवस त्यामागं फिरायची तुमची तयारी आहे का? असली तर पुढं बोलू.

पेट्रोलचं तुम्हाला मी काय सांगणार, परभणीत पेट्रोल राज्यात सगळ्यात महागातलं असतं, मनमाडजवळच्या डेपोतून टँकर एवढ्या लांब येतो त्याचं भाडं तुमच्या बिलात. व्हर्टसच्या इंजिनात कमी लोडवर दोन सिलिंडर आपोआप बंद होतात त्यामुळं हायवेवर ती एवढ्या ताकदीला नवल वाटावं इतकं ॲव्हरेज देते, पण गावात घर ते दुकान करताना इंजिन गरमच होत नाही, तिथं दोन्ही पितात अन् मोठी जास्त पिते. त्यात आता २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटणारच. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई२० धरूनच बनतात, २०२२ ची घेणार असाल तर टाकीच्या झाकणामागचं स्टिकर अन् मॅन्युअल बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या अन् १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, आधी सेस धरून २९ होता. एन लाइन यात बसते. त्यामुळं नवी गाडी तुमच्या बजेटमध्ये इन्शुरन्स-आरटीओ धरून आरामात येते अन् वर चांगले टायर घ्यायला पैसे उरतात. बारा लाखाच्या व्हर्टसला उरलेले दीड लाख मात्र मला खिशात नाही, गिअरबॉक्ससाठी बाजूला ठेवलेले दिसायलेत.

अन् तुमच्या पत्रात एक गोष्ट सापडली. एन लाइनबद्दल लिहिताना तुम्ही “सहा गिअरची मॅन्युअल” असं मुद्दाम लिहिलं, व्हर्टसचं नुसतं “ऑटोमॅटिक”. माणूस ज्यात जीव असतो ते नीट नाव घेऊन लिहितो.

फक्त घेताना हे मान्य करून घ्या की जालन्याहून समृद्धीला लागाल, गाडी भरलेली, एसी फुल, १२० ची लिमिट, तिथं तुम्हाला व्हर्टस आठवणार. पुण्याला जाताना बॅगा मांडीवर घेतल्यावर आठवणार. वडील म्हणतील जरा टप टप लागतंय. हे तीन त्रास आत्ताच घरात बोलून घ्या, विशेषतः वहिनींना एकदा खराब रस्त्यावर चालवायला द्या अन् आईला मागं बसवा. त्या दोघी नाही म्हणाल्या तर माझं वरचं सगळं रद्द. सहा माणसं अन् पाच सीट हे गणित तर दोन्ही गाड्यांत सारखंच बिघडतंय, त्याला इलाज नाही.

तरीपण व्हर्टसच घ्यायची असंल तर सर्व्हिस रेकॉर्ड ॲपवरून नाही, सर्व्हिस सेंटरमधून काढा. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असताना स्वतः सुरू करा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका किंवा चढावर थरथर आहे का बघा. टायरवर शेवटचे चार आकडे असतात, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा, तेच टायर अजून असतील तर भाव पाडा. एमएच-१२ ची एमएच-२२ ला आणताना राज्य एकच असल्यानं रोड टॅक्स परत भरावा लागत नाही, नाव ट्रान्सफरचे फॉर्म २९ अन् ३० मात्र गाडी घरी आणण्याआधी सही करून घ्या, “करू की निवांत” हे ऐकायचं नाही.

प्रश्न : मी आठ महिन्यांपूर्वी वर्ना टर्बो मॅन्युअल घेतली, व्हर्टस जीटी सोडून. तेव्हा लई खूश होतो. आता रोडवर जिकडं तिकडं व्हर्टसच दिसायलीत, मित्र म्हणतात चुकलास, गावाकडचे म्हणतात एवढ्यात स्कॉर्पिओ आली असती. पावसात पहिल्या-दुसऱ्या गिअरला टायर जागेवर फिरतात, स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं. एक्स्चेंज करून टाकू का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. स्कॉर्पिओचं सोडून द्या, आपल्याकडं कुठलीपण गाडी घेतली तरी ते ऐकावंच लागतं, स्कॉर्पिओ घेतलेल्याला फॉर्च्युनरचं ऐकवतात.

तुमची वर्ना १६० पीएस अन् २५३ एनएम, ती व्हर्टस १५० अन् २५०. दोन्हींना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार. म्हणजे जे सोडलं म्हणून झोप उडालीय ते तुमच्याकडं आहेच, थोडं जास्तच आहे. व्हर्टसचं हाय स्पीडला जमिनीला धरून बसणं वेगळं आहे हे खरं, ते तुम्हाला टेस्ट ड्राइव्हला पण कळलं असणार अन् तरी तुम्ही वर्ना घेतली. काहीतरी बघूनच घेतली ना? मागची जागा असंल, फीचर असतील. ते कारण कागदावर लिहून काढा, मित्रांनी विचारलं तर तेच सांगा.

पैशाचं ऐका. दहा ते वीस लाखाच्या पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात १२ टक्के रोड टॅक्स एकदाच भरतो, गाडी विकली की तो काही हातात परत येत नाही. इन्शुरन्सवाले सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीला १५ टक्के घसारा धरतात, बाजार त्याहून कमीच भाव देतो. नव्या गाडीला परत १२ टक्के. तीन एनएम कमी करून घ्यायला एवढा खर्च करणारा माणूस मी तरी बघितला नाही.

टायर फिरण्याचं मात्र मनावर घ्या, ते खरं दुखणं आहे अन् त्याला औषधपण आहे. २५३ एनएम सगळे पुढच्या दोन चाकांवर येतात, ओल्या रस्त्यात ती चाकं तरी काय करणार, अन् दोन्हींना सारखी पकड मिळत नाही म्हणून स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. व्हर्टसमध्येपण पुढच्याच चाकांना ताकद जाते, तिथं हे पूर्ण गायब होईल असं समजू नका. आधी हवा बघा. पंक्चरवाला न विचारता चाळीस मारून देतो, कडक हवेनं टायरची पकड कमी होते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो, टायर थंड असताना तेवढीच ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण कुणी बंद करून ठेवलंय का बघा, मित्रांना चालवायला देता तेव्हा हे हमखास होतं. दुसऱ्या गिअरला पाय एकदम दाबायचा नाही, दोन हजाराच्या पुढं सुई गेली की मग. टायर बदलायची वेळ आली की जास्त किलोमीटर चालणारा नको, ओल्यात पकड देणारा मागा, तो लवकर झिजतो पण या गाडीला तोच शोभतो.

अन् एखाद्या रविवारी पहाटे एकटेच टेंभुर्णीपर्यंत जाऊन या, बार्शीमार्गे, मित्रांशिवाय. परत आल्यावरपण विकावी वाटली तर लिहा, मग आपण भावाचं बोलू.

प्रश्न : माझ्याकडं स्कोडा स्लाव्हिया दीड लिटर डीएसजी आहे. ट्यूनिंगवाले स्टेज वन रिमॅप, म्हणजे इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून दोनशेच्या जवळ पॉवर नेतो म्हणतात. करू का? – नांदेड

उत्तर : हा डीएसजी गिअरबॉक्स २५० एनएमपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलाय अन् इंजिन आधीच बरोबर २५० देतं. कंपनीनं तिथंच थांबवलं ते काही उगं नाही. रिमॅपवाला लॅपटॉप लावून अर्ध्या तासात आकडा वाढवून देईल, क्लच घसरायला लागला की तोच फोन उचलणार नाही. वॉरंटी असंल तर ती अडकणार, अन् इन्शुरन्सला न कळवता बदल केला असंल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर तोच मुद्दा धरून बसतो. तेवढ्या पैशात चार चांगले टायर, नवे ब्रेक पॅड अन् ब्रेक ऑइल येतं. ते करून एकदा किनवटपर्यंत चालवून बघा, मग लॅपटॉपवाल्याला फोन करायचा का ते ठरवा.