वाचकांचे प्रश्न : खाचेची रुंदी ठरते खोलीवर

प्रश्न : मी सीएनसी राउटरवर (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनवर) ४५० मिलिमीटर लांबीच्या सागवानी फळीवर ९० अंशांच्या व्ही-बिटने (V आकाराच्या टोकदार कटरने) समांतर खाचा मारल्या. आराखड्यात प्रत्येक खाच ६ मिलिमीटर रुंद होती. प्रत्यक्षात डाव्या टोकाला रुंदी बरोबर ६ मिलिमीटर आली, पण उजवीकडे जाता जाता ती ४.८ मिलिमीटर झाली. सॉफ्टवेअरमधील चित्र दोन-तीनदा तपासले, तेथे काहीच चूक दिसत नाही. दोष कोठे शोधावा?

उत्तर : चित्रात दोष नाही, कारण व्ही-बिटच्या खाचेची रुंदी चित्रात नसतेच, ती खोलीतून येते. ९० अंशांचे बिट जितके खोल उतरते त्याच्या दुप्पट रुंद खाच पाडते, त्यामुळे ६ मिलिमीटर रुंदीसाठी सॉफ्टवेअरने बिटाला ३ मिलिमीटर खाली जायला सांगितले आणि बिट झिरोपासून (उंची जेथून मोजली जाते त्या पातळीपासून) इमानेइतबारे तेवढेच खाली गेले. तुमच्या फळीचा पृष्ठभाग मात्र उजव्या टोकाला खाली होता. १.२ मिलिमीटरचा फरक दोनाने भागला की ०.६ मिलिमीटर येतात, म्हणजे फळी त्या बाजूला नेमकी तेवढी खाली असली पाहिजे. फळीवर हात फिरवून एवढा उतार जाणवत नाही, पण खाचेत तो दुप्पट होऊन उमटतो, आणि समांतर रेषांमध्ये डोळा तो लगेच पकडतो.

उतार फळीचा आहे की मशीनच्या टेबलाचा, हे ठरवायला नवीन लाकूड कापण्याची गरज नाही. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बंद ठेवून बिटाचे टोक फळीच्या चारही कोपऱ्यांवर कागदाच्या कपट्यावर टेकवा आणि कपटा अडकतो त्या क्षणीची झेडची (बिटाच्या उंचीची) नोंद घ्या. मग फळीची डावी-उजवी टोके अदलाबदल करून तीच मापे पुन्हा घ्या. सखल बाजू फळीबरोबर डावीकडे गेली तर फळीची जाडी सर्वत्र सारखी नाही. ती मशीनच्या उजव्याच बाजूला राहिली तर टेबलावरच्या बळीच्या बोर्डावरून (कटर खाली गेला तरी चालेल म्हणून टेबलावर अंथरलेल्या टाकाऊ बोर्डावरून) रुंद सपाट कटर एकदा फिरवून तो सपाट करावा लागेल. जाडी असमान असलेली फळी रंधून घ्यावी, किंवा टेबलावर पक्की बसवल्यावर त्याच जागी तिचा वरचा थर सपाट करून मगच खाचा माराव्यात. मध्ये फुगलेली फळी केवळ कडांना क्लॅम्प लावून बसत नाही. नक्षी येणार नाही अशा जागी मधोमध एखादा स्क्रू द्यावा लागतो.

झेडचा झिरो टेबलावर घेऊन फळीची जाडी हाताने टाइप करण्याची पद्धत आरपार कापणीला सोयीची असली, तरी खाचांच्या नक्षीला मी ती वापरणार नाही, कारण जाडीतील प्रत्येक चूक थेट रुंदीत जमा होते. झिरो फळीच्या वरच्या पृष्ठभागावरच घ्यावा. लाकूड फारच खोडकर असेल तर ६० अंशांचे बिट थोडी सवलत देते : त्याच ०.६ मिलिमीटरच्या उताराने रुंदीत १.२ ऐवजी सुमारे ०.७ मिलिमीटरच फरक पडेल. मात्र ६ मिलिमीटर रुंदीसाठी ते सुमारे ५.२ मिलिमीटर खोल जाईल, तेव्हा पातळ फळी असेल तर खाली किती लाकूड उरते ते आधी मोजा.

प्रश्न : चौकोनी खांबावर उभ्या पन्हळी पाडण्यासाठी ६ मिलिमीटर व्यासाचे गोल टोकाचे बिट वापरतो आणि खोली ३ मिलिमीटर ठेवतो. दोन्ही टोकांना काळे डाग पडतात. टोके निमुळती करण्यासाठी शेवटच्या २० मिलिमीटरमध्ये बिट वर उचलले, तरी ती बोथटच दिसतात.

उत्तर : डाग पडतात ते बिट एका जागी फिरत राहते म्हणून. सरळ खाली शिरताना आणि टोकाशी वेग कमी होताना धार लाकूड कापण्याऐवजी त्यावर घासते आणि लाकूड करपते. बहुतेक कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये पन्हळींसाठी जो वेगळा टूलपाथ (बिटाने जायचा आखलेला मार्ग) असतो, त्यात सुरुवातीला आणि शेवटी उतार देता येतो, म्हणजे बिट पुढे सरकतच खाली उतरते आणि सरकतच वर येते. फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेगही तपासा. मिनिटाला १८,००० फेऱ्या, दोन धारांचे बिट आणि दर धारेला ०.०५ मिलिमीटर लाकूड असा हिशेब केला तर मिनिटाला १,८०० मिलिमीटर येतात. मशीन तेवढे पेलत नसेल तर फीडबरोबर फेऱ्याही कमी करा. नुसते फीड उतरवले तर करपणे वाढेल.

टोके बोथट का दिसतात, ते गोल बिटाच्या आकारात दडलेले आहे. ३ मिलिमीटर खोलीवर पन्हळ ६ मिलिमीटर रुंद असते. खोली निम्मी, म्हणजे १.५ झाली तरी रुंदी सुमारे ५.२ मिलिमीटर राहते. १ मिलिमीटरवर सुमारे ४.५ आणि अर्ध्या मिलिमीटरवरही सुमारे ३.३. म्हणजे तुमच्या २० मिलिमीटरच्या सरळ उतारात पहिल्या १० मिलिमीटरमध्ये डोळ्याला जवळजवळ काहीच घडत नाही आणि सगळे निमुळतेपण अगदी शेवटी घाईने उरकले जाते. उतार ५० ते ६० मिलिमीटर करा, किंवा एकूण खोलीच २ मिलिमीटरवर आणा. टोक भाल्यासारखे अणकुचीदार हवे असेल तर व्ही-बिट घ्या, कारण त्यात खोली आणि रुंदी एकाच प्रमाणात घटतात. माझी पसंती लांब उताराच्या गोल पन्हळीला आहे. खांबावर बाजूने उजेड पडला की तिची सावली हळूहळू विरत जाते.

प्रश्न : वेलीची एकेरी रेषा काढली, पण व्ही-कार्व्हिंगचा (व्ही-बिटने कमी-जास्त खोलीने कोरण्याचा) टूलपाथ तयारच होत नाही.

उत्तर : त्या टूलपाथला बंद आकार लागतो. दोन कडांमधील अंतर मोजून तो प्रत्येक ठिकाणची खोली ठरवतो. एकेरी रेषेला दुसरी कडच नसते. सर्वत्र सारखी रुंदी चालणार असेल तर रेषेवरून ठरावीक खोलीने जाणारा टूलपाथ द्या. वेल बुंध्याशी जाड आणि शेंड्याशी बारीक हवी असेल तर तिच्या दोन्ही कडा काढून आकार बंद करा. त्याच वेळी एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा शोधून पुसा, नाहीतर मशीन त्याच खाचेतून उगाच दुसऱ्यांदा फिरेल.

प्रश्न : चौकटीच्या जाळीत, जेथे आडव्या-उभ्या खाचा एकमेकींना छेदतात तेथे, कपच्या उडतात. शिवाय खाचेत रंग भरून फळी घासली की रेषा बारीक होतात.

उत्तर : आधी तंतूंना आडव्या जाणाऱ्या सर्व खाचा मारा आणि मग तंतूंच्या दिशेने जाणाऱ्या. आडवे कापताना बिट जेथे बाहेर पडते तेथील तंतूंना पाठीमागे आधार नसतो. तंतूंच्या दिशेची खाच आधी मारलेली असेल तर बिट तिच्या पोकळीत बाहेर पडते आणि तिची कड उचकटते. आडव्या खाचा आधी मारल्या तर त्या वेळी छेदाच्या जागी भरीव लाकूड असते आणि थोडे उचकटले तरी नंतरची खाच तो भाग साफ करून नेते. दोन्ही प्रकारांचे टूलपाथ वेगळे ठेवा. एकत्र दिले तर सॉफ्टवेअर जवळची रेषा आधी घेईल. खाच फळीच्या कडेबाहेर जात असेल तेथे कडेला त्याच जाडीचा टाकाऊ तुकडा घट्ट लावा. शेवटचा फेरा ०.२ मिलिमीटरचाच ठेवला तर कुसळेही कमी राहतात.

रंगाच्या तक्रारीचे उत्तर पहिल्या प्रश्नातच आहे. ९० अंशांच्या खाचेवरून ०.३ मिलिमीटर लाकूड घासले गेले की रेषा ०.६ मिलिमीटरने बारीक होते. तेव्हा फळी कापण्यापूर्वीच पूर्ण घासून घ्या, सीलरचा (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या द्रावाचा) हात द्या, मग खाचा मारा. कापल्यावर खाचांच्या आतही सीलर फिरवा, म्हणजे रंग तंतूंमधून बाजूला पाझरणार नाही. शेवटी वर सांडलेला रंग निघेल एवढेच, बारीक पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून घासा. बोटांनी दाबलेला पेपर खाचेच्या कडा गोल करून टाकतो.