दाताची कॅप सारखी निघते, सिमेंट दाताला जास्त काळ चिकटून राहावं म्हणून काय करता येईल?

कॅप तीनदा निघाली आणि दर वेळी डॉक्टर "यावेळी भारीतलं सिमेंट लावतो" म्हणतात, हे वाचूनच माझं टाळकं सटकलं. मी स्वतः डेंटिस्ट आहे. आधी सांगा, निघालेल्या कॅपच्या आत कुणी बघितलं का? सिमेंट कॅपमध्ये राहिलं की दातावर?

बीडीएस झाल्यावर मी सांगलीत एका सरांकडे असिस्टंट होते. एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर काका, खालची दाढ, रूट कॅनल झालेली, कॅप बसवून जेमतेम पाच महिने. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आले, कॅप काडेपेटीत, खाली कापूस घातलेला. चिक्कीसुद्धा नाही हो, मऊ तिळाची वडी खाल्लेली. सर सगळ्यांदेखत म्हणाले, मॅडमनी सिमेंट नीट कालवलं नसेल. ते रेझिन सिमेंट सिरिंजमधून दाबलं की कालवूनच बाहेर येतं, मी काय डोंबल कालवणार! कॅप उचलून बघितली तर सगळं सिमेंट आत कडक बसलेलं आणि दात कोरा करकरीत. म्हणजे सिमेंटनं कॅप धरून ठेवलेली, दात सोडलेला. दोष असेल तर दाताच्या तयारीत, आणि ती सरांनी केलेली.

सरांची सगळी हयात झिंक फॉस्फेटवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सिमेंटवर गेलेली. ते दाताला चिकटत नाही, नुसतं अडकून बसतं, त्यामुळे टेम्पररी कॅप लवंगतेलवाल्या सिमेंटनं लावली तरी चालायचं. रेझिनला ते चालत नाही, लवंगतेलातलं युजेनॉल डेंटिनवर (दाताच्या बाहेरच्या कवचाखालचा थर) राहिलं की रेझिन नीट घट्टच होत नाही. सरांनी सिमेंट बदललं, सवय तीच ठेवली. त्यात, रेझिन धरावं म्हणून दाताला आधी ॲसिड लावतात, ते धुतल्यावर सर डेंटिन फुंकून फुंकून खडूसारखं पांढरं करायचे. ते इनॅमलला (दाताचं बाहेरचं कडक कवच) ठीक, त्यात वजनानं 96 टक्के खनिज असतं. बुओनोकोर नावाच्या डेंटिस्टनी 1955 मध्ये ॲसिडची युक्ती दाखवली तीही इनॅमलवरच. डेंटिनमध्ये खनिज 70 टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजन आणि पाणी. वाळवलं की, तळं आटल्यावर शेवाळ तळाला चिकटतं तसे कोलॅजनचे धागे आडवे पडतात आणि रेझिनला आत शिरायला वाटच राहत नाही. जिथं ते शिरत नाही तिथले उघडे धागे पुढं डेंटिनमधलीच एन्झाइम्स खातात, म्हणून सुरुवातीला घट्ट वाटलेली कॅप काही महिन्यांनी हातात येते.

तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, टेम्पररीचं सिमेंट युजेनॉल नसलेलं होतं का, रबर डॅम, म्हणजे दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा, लावला होता का (थुंकी लागली की संपलं), ॲसिड डेंटिनवर 15 सेकंदांच्या वर ठेवलं नाही ना, आणि नंतर डेंटिन ओलसर ठेवलं का. बाँड (सिमेंटच्या आधी लावायचा चिकट द्रव) चोळून लावायचा आणि त्यातलं सॉल्व्हंट हवेनं उडवायचं. एमडीपी नावाचं रसायन असलेला बाँड मिळाला तर बघा, तो दातातल्या कॅल्शियमलाच धरतो. क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकानं डेंटिनमधली ती एन्झाइम्स दबतात, मी वापरते, पण लॅबमध्ये दिसतो तेवढा फरक तोंडात दिसत नाही हे खरंय.

काकांची कॅप मीच परत बसवली, सर गावाला गेलेले तेव्हा. कॅप आतून सँडब्लास्ट केली (बारीक कणांचा मारा करून खरखरीत), दात प्युमिसच्या पुडीनं घासला, सिरिंज तीच. मी तिथून निघेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, ती हलली नाही. सर काय म्हणाले माहितीये? "बघ, सिमेंट चांगलंच होतं माझं."

हां, हिरडीच्या वर दात गोलाकार दीड-दोन मिलिमीटर तरी उरला नसेल, किंवा रात्री दात खात असाल, तर यातलं काहीच पुरणार नाही. आधी ते बघून घ्या.